कच्ची नोंद, पक्की नोंद: सर्व्हरचं नेटवर्क बदलताना

मे महिन्यातली दुपार होती. जळगावात पारा ४५ च्या आसपास, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पारोळ्याच्या एका पतसंस्थेतून फोन आला, "भाऊ, सर्व्हर चालू शे, पन काहीच दिसत नही." दुपारी अर्धा तास वीज गेली होती. यूपीएसची बॅटरी उन्हानं आधीच थकलेली, त्यामुळे सर्व्हर बंद पडला आणि वीज आल्यावर आपोआप पुन्हा सुरू झाला. दिवा लागलेला, पंखा फिरतोय, पण एकाही काउंटरवरून खातं उघडेना. भरणा करायला आलेल्या बचत गटाच्या बायका बाकावर खोळंबून बसल्या होत्या.

क्लार्कदादांना मी फोनवरच सर्व्हरच्या कीबोर्डसमोर बसवलं. म्हटलं, आय-पी टाइप करा, मग एक जागा सोडा, मग ए, मग एंटर. पडद्यावर जे आलं ते त्यांनी वाचून दाखवलं: १९२, १६८, १, १०. माझ्या पोटात गोळा आला. फेब्रुवारीत मी स्वतः जाऊन त्या सर्व्हरला १९२.१६८.१०.५० हा पत्ता दिला होता. सगळी काउंटर तपासली होती, पासबुक छापून पाहिलं होतं. मग तीन महिन्यांनी जुना पत्ता परत आला कसा?

कारण फेब्रुवारीत मी फक्त कच्ची नोंद केली होती, पक्की केलीच नव्हती. या लेखातलं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती फिरतं. सर्व्हर लिनक्सचा असो, विंडोजचा असो, नाहीतर आणखी कुठला, त्याच्या नेटवर्कच्या दोन नोंदी असतात. एक आत्ता चालू असलेली, मेमरीतली. दुसरी डिस्कवर लिहिलेली, पुढच्या वेळी सुरू होताना वाचली जाणारी. आडतीवर कच्ची चिठ्ठी वेगळी आणि खातेवहीतली नोंद वेगळी, तसंच हे. आपण दिलेली कमांड यातल्या कोणत्या वहीत लिहिते, हे प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिममध्ये निराळं आहे. माणसं अडकतात ती बहुतेक वेळा इथेच.

आधी चार आकडे

सर्व्हरला नेटवर्कवर राहायला चार गोष्टी लागतात: स्वतःचा पत्ता, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस.

पत्ता म्हणजे घराचा नंबर. गेटवे म्हणजे गावाची वेस. बाहेर जायचं असेल तर तिथूनच जावं लागतं. डीएनएस म्हणजे नाव सांगितलं की घर दाखवणारा माणूस. या तिन्ही गोष्टी पटकन कळतात. मास्कपाशी मात्र जरा थांबायला हवं, कारण तो चुकला तर होणारा बिघाड ओळखायला फार कठीण असतो.

मास्क सांगतो की आपली आळी कुठपर्यंत. पत्ता १९२.१६८.१०.५० आणि मास्क २५५.२५५.२५५.० असेल, तर पहिले तीन आकडे आळीचं नाव आणि शेवटचा आकडा घराचा नंबर. अशा आळीत २५६ आकडे बसतात, त्यातले पहिला आणि शेवटचा राखीव, म्हणजे २५४ घरं. हाच मास्क काही ठिकाणी पत्त्यापुढे तिरकी रेघ मारून २४ असा लिहितात, कारण पत्त्याच्या ३२ बिटांपैकी पहिले २४ बिट आळीचे असतात.

आता समजा घाईत कुणी २५५.२५५.२५५.० ऐवजी २५५.२५५.०.० टाकलं. सर्व्हरला वाटतं की १९२.१६८ नं सुरू होणारा प्रत्येक पत्ता आपल्याच आळीतला आहे. मग अमळनेर शाखेतल्या १९२.१६८.२०.१५ ला काही पाठवायचं झालं, तर तो वेशीकडे जातच नाही, आळीतच उभा राहून हाका मारत बसतो. तिथे ओ देणारं कुणी नसतं. कार्यालयातली काउंटर व्यवस्थित चालतात, बाहेरच्या वेबसाइटही उघडतात, फक्त दुसऱ्या शाखेशी बोलणं होत नाही. मग लोक शाखेचा राउटर बदलतात, केबल बदलतात, इंटरनेटवाल्याला फोन करतात. दोष मात्र सर्व्हरच्या मास्कमधल्या एका आकड्यात असतो. "जवळचं चालतं, लांबचं ठरावीकच चालत नाही" हे ऐकलं की मी पहिल्यांदा मास्क बघतो.

पारोळ्यात पत्ता बदलण्याची वेळ का आली, तेही सांगतो. १९९६ साली इंटरनेटच्या नियमांमध्ये तीन पट्टे घरगुती वापरासाठी बाजूला काढलेले पक्के झाले: १० नं सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८ चे. हे पत्ते कुणालाही, कितीही ठिकाणी वापरता येतात. बरेचसे राउटर बनवणारे १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० देऊनच राउटर पाठवतात, आणि आपण ते तसंच ठेवतो. एकट्या कार्यालयाला त्याचा त्रास नाही. पण पारोळा आणि अमळनेर या दोन्ही शाखा व्हीपीएननं, म्हणजे इंटरनेटमधून काढलेल्या खासगी वाटेनं, जोडायच्या ठरल्या आणि दोन्हीकडे आळीचं नाव एकच निघालं. दोन गावांत एकाच नावाची आळी असेल तर पत्र कुठल्या गावात टाकायचं? म्हणून पारोळ्याला १० आणि अमळनेरला २० असं वाटून दिलं. नवं कार्यालय सुरू करणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी वेगळा आकडा घेतला, तर पुढचं हे सगळं टळतं.

लिनक्स: एक नाव, तऱ्हा अनेक

लिनक्सवर चालू पत्ता बघायला आणि बदलायला 'आयपी' ही कमांड आहे. जुनी माणसं अजून 'आयएफकॉन्फिग' वापरतात. दोन्ही फक्त कच्च्या वहीत लिहितात. कमांड दिली की त्या क्षणी बदल लागू होतो, आणि सर्व्हर बंद पडला की पुसला जातो. फेब्रुवारीत माझ्या हातून नेमकं हेच झालं होतं. सगळं चालतंय असं दिसलं, म्हणून काम झालं असं मानून मी घरी आलो.

पक्की वही कुठली, हे लिनक्सच्या घराण्यावर ठरतं.

डेबियनच्या सर्व्हरवर ती बहुतेक वेळा ईटीसी फोल्डरातल्या नेटवर्क फोल्डरात 'इंटरफेसेस' नावाच्या साध्या फाईलमध्ये असते. कार्डाचं नाव, स्थिर पत्ता आहे असा शब्द, खाली पत्ता आणि गेटवे. वाचायला सोपी. बदल लागू करायला 'आयएफडाउन' आणि 'आयएफअप' या कमांड आहेत. लांबून काम करत असाल तर त्या एकाच ओळीत, एकापाठोपाठ जोडून द्यायच्या. नुसती पहिली दिली तर सर्व्हर नेटवर्कवरून उतरतो, आणि त्याला परत चढवणारी दुसरी कमांड द्यायला आपण तिथे नसतो.

उबुंटूनं १७.१० या आवृत्तीपासून नेटप्लॅन आणलं. इथे पक्की वही म्हणजे ईटीसीमधल्या नेटप्लॅन फोल्डरातल्या यामल प्रकारच्या फाईल. यामलमध्ये ओळ डावीकडून किती जागा सोडून सुरू होते यालाच अर्थ असतो. पत्त्याची ओळ दोन जागा आत असेल तर ती एका कार्डाची, एक जागा इकडेतिकडे झाली तर ती दुसऱ्याच कुणाची होते किंवा फाईलच वाचली जात नाही. टॅबचं बटण तर चालतच नाही, स्पेसच मारावा लागतो.

याहून मोठा खड्डा म्हणजे त्या फोल्डरात एकापेक्षा जास्त फाईल असू शकतात. नेटप्लॅन त्या नावाच्या क्रमानं वाचतं आणि सगळ्यांचं एकत्र करतं. एकाच गोष्टीची एकच किंमत असेल तर शेवटच्या फाईलची टिकते. पण पत्त्यांची असते यादी, आणि याद्या एकमेकींना जोडल्या जातात. म्हणजे जुन्या फाईलमध्ये जुना पत्ता तसाच असताना तुम्ही नवी फाईल करून नवा पत्ता लिहिला, तर सर्व्हर दोन्ही पत्त्यांवर उभा राहतो. कुणाच्या लक्षातही येत नाही, जोपर्यंत जुना पत्ता दुसऱ्या कुणाला दिला जात नाही. भाड्यानं घेतलेल्या क्लाउड सर्व्हरवर तर 'क्लाउड-इनिट' नावाची व्यवस्था यातली एक फाईल स्वतः लिहिते. ती हातानं बदललीत तरी पुढे कधीतरी ती पुन्हा लिहू शकते. आधी तिला नेटवर्कमधून हात काढायला सांगायचं, मग आपली फाईल लिहायची.

रेड हॅट, आणि तिच्या वाटेनं जाणारी रॉकी लिनक्स, अल्मा लिनक्स, यांच्यावर नेटवर्क मॅनेजरचं राज्य आहे. त्याची कमांड 'एनएमसीएलआय'. इथली गंमत उलट आहे. 'मॉडिफाय' म्हणून पत्ता बदलला की तो पक्क्या वहीत जातो, पण चालू पत्ता तसाच राहतो. तो जोडणीला पुन्हा 'अप' म्हटल्यावर लागू होतो. एखाद्यानं 'मॉडिफाय' केलं, बदल दिसला नाही म्हणून तो कंटाळून निघून गेला, आणि पुढे पावसाळ्यात वीज जाऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाला की अचानक नवा पत्ता लागलेला. पारोळ्यात झालं त्याच्या बरोबर उलटं, आणि तितकंच गोंधळात टाकणारं.

आणखी एक गोष्ट इथे हमखास राहते. पत्ता लिहिला, पण 'मेथड' म्हणजे पत्ता मिळवायची रीत 'ऑटो'वरच राहिली. मग सर्व्हर तुमचा पत्ताही घेतो आणि राउटरकडून डीएचसीपीनं, म्हणजे पत्ते आपोआप वाटणाऱ्या सोयीनं, आणखी एकही घेतो. रीत 'मॅन्युअल' केल्याशिवाय काम पूर्ण होत नाही.

या घराण्यात फाईलची जागाही बदलत गेली. जुन्या सेंटओएस ७ वर 'सिसकॉन्फिग'मधल्या 'नेटवर्क-स्क्रिप्ट्स' फोल्डरात 'आयएफसीएफजी' नं सुरू होणाऱ्या फाईल असत. २०२२ मध्ये आलेल्या रेड हॅट ९ पासून नव्या जोडण्या नेटवर्क मॅनेजरच्या स्वतःच्या फोल्डरात कीफाईल म्हणून लिहिल्या जातात, आणि १० मध्ये जुन्या पद्धतीचा आधारच काढून टाकला. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली, म्हणून बरेच जण नव्यावर जाताहेत. जाताना जुनी फाईल कॉपी करून भागत नाही. कीफाईल हातानं लिहिली तर तिचे हक्क फक्त रूटकडे, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याकडे, ठेवावे लागतात. इतरांना वाचता येत असेल तर नेटवर्क मॅनेजर ती फाईल बाजूला टाकतो.

डीएनएसचं तर सगळीकडेच एक निराळं दुखणं आहे. 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' नावाची फाईल वर्षानुवर्षं हातानं बदलायची सवय. आज बहुतेक सर्व्हरवर ती फाईल दुसरंच कुणीतरी लिहितं: कुठे नेटवर्क मॅनेजर, कुठे सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारी व्यवस्था) हिचा रिझॉल्व्हड. उघडून पाहिलीत आणि आत १२७.०.०.५३ दिसलं, तर समजायचं की इथे मालक रिझॉल्व्हड आहे. आपण केलेला बदल तात्पुरता चालेल आणि मग पुसला जाईल. फाईल बदलण्याआधी तिचा मालक कोण, हे विचारायचं. फाईलच्या पहिल्या दोन ओळींत बहुधा ते लिहिलेलंही असतं, फक्त आपण वाचत नाही.

कार्डाची नावं

पूर्वी पहिलं नेटवर्क कार्ड म्हणजे ईटीएच०, दुसरं ईटीएच१. कुठलं कार्ड आधी सापडेल यावर नाव ठरायचं, त्यामुळे दोन कार्डांच्या सर्व्हरवर रीस्टार्टनंतर अदलाबदल होऊ शकायची. २०१३ च्या सुमारास सिस्टिमडीनं नावं कार्डाच्या जागेवरून द्यायला सुरुवात केली. ईएनपी३एस० असं नाव दिसलं तर त्याचा अर्थ: इथरनेट, पीसीआय बस ३, खाच ०.

याचा आपल्याकडे एक खास परिणाम होतो. वळवाच्या पावसात वीज कडाडली की लॅनचे पोर्ट जळतात, हे खानदेशात दुरुस्ती करणाऱ्या कुणालाही विचारा. बोर्डावरचं कार्ड जळालं म्हणून नवं कार्ड दुसऱ्या खाचेत बसवलं की नाव बदलतं. पक्क्या वहीत जुन्या नावासमोर पत्ता लिहिलेला असतो, त्या नावाचं कार्डच उरलेलं नसतं. केबल ठीक, दिवा हिरवा, पण पत्ता नाही. अशा वेळी आधी कार्डाचं आजचं नाव बघायचं आणि वहीतलं नाव त्याच्याशी जुळवायचं.

विंडोज, आणि बाकीचे

विंडोज सर्व्हरवर खिडकी उघडून पत्ता भरला आणि ओके दाबलं की दोन्ही वह्यांत एकदमच नोंद होते. बदल लगेच लागू होतो आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या पक्क्या वहीतही जातो. हे सोयीचं आहे, आणि म्हणूनच धोक्याचंही, कारण चुकलं तर रीस्टार्ट करूनही जुनं परत येत नाही.

खिडकी नसलेल्या सर्व्हर कोअरवर 'एसकॉन्फिग' नावाची साधी यादी येते, आकडा दाबून पत्ता बदलता येतो. कमांडनं करायचं तर जुनी 'नेटश' आहे आणि २०१२ च्या सर्व्हरपासून पॉवरशेलच्या कमांड आहेत. पॉवरशेलची 'न्यू-नेट-आयपी-अ‍ॅड्रेस' ही कमांड नावाप्रमाणे नवा पत्ता जोडते, जुना काढत नाही. जुना पत्ता आणि जुन्या गेटवेचा रस्ता वेगळ्या कमांडनं काढावा लागतो. दोन गेटवे राहिले तर सर्व्हर कधी एका वेशीनं जातो, कधी दुसऱ्या, आणि जोडणी कधी लागते कधी तुटते. एका सर्व्हरला मुख्य गेटवे एकच हवा.

विंडोजमधल्या दोन गोष्टी अनुभवानंच कळतात. पहिली: गेटवे बदलला की विंडोजला वाटतं, आपण नव्याच नेटवर्कवर आलो. ते नेटवर्क 'पब्लिक' धरलं गेलं तर फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला अडवणारा पहारेकरी, कडक होते. पत्ता बरोबर, गेटवे बरोबर, तरी फाईल शेअर दिसत नाही आणि कधीकधी रिमोट डेस्कटॉपही लागत नाही. लोक मग आकडेच पुन्हा पुन्हा तपासत बसतात. दुसरी: कार्ड बदललं किंवा व्हर्च्युअल सर्व्हर एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेला, आणि पत्ता टाकताना विंडोज म्हणतं की हा पत्ता आधीच दुसऱ्या अ‍ॅडॉप्टरला दिलेला आहे. तो अ‍ॅडॉप्टर तर कुठे दिसत नाही! तो म्हणजे जळालेल्या कार्डाची रजिस्ट्रीत उरलेली नोंद. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवा म्हटलं की फिकट अक्षरांत दिसतो. काढून टाकायचा.

आणि विंडोजच्या पडद्यावर १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता दिसला, तर डीएचसीपीकडून उत्तर आलं नाही म्हणून यंत्रानं स्वतःच एक पत्ता घेतलाय असं समजावं. केबल आणि स्विचपासून सुरुवात करायची.

फ्रीबीएसडी आपल्याकडे क्वचित दिसते, बहुधा फायरवॉलच्या किंवा साठवणुकीच्या पेटीत. तिथे पक्की वही एकच, ईटीसीमधली 'आरसी डॉट कॉन्फ', आणि ती इतकी सुटसुटीत आहे की मला मनापासून आवडते. फक्त अवतरणचिन्ह बंद करायला विसरलात तर पुढच्या वेळी सर्व्हर अर्ध्यातच थांबतो. आणि 'नेटइफ' रीस्टार्ट केलं की मुख्य गेटवेचा रस्ता उडतो, म्हणून 'राउटिंग'चं रीस्टार्ट त्याच ओळीत जोडून द्यायचं. आयबीएमच्या एआयएक्सवर 'स्मिटी'ची यादी, सोलारिस ११ वर 'आयपीएडीएम'. तिथेही प्रश्न तेच विचारायचे.

परतीची वाट

धुळ्याकडे पांझरेकाठी फड पद्धतीची शेती आहे, शेकडो वर्षांची. बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि पाणी फिरवणारा पाटकरी. पाटकरी पाणी वळवताना जुन्या चारीचं तोंड आधी बुजवत नाही. आधी नवी चारी फोडतो, पाणी तिकडून वाहतंय हे डोळ्यांनी बघतो, मग जुनी बुजवतो. आधी जुनी बुजवली तर पाणी पाट फोडून कुठेही जाईल.

लांबून सर्व्हरचा पत्ता बदलताना नेमकं हेच करायचं. आपण सर्व्हरशी बोलतोय तेच मुळी त्या पत्त्यावरून. तो पुसला की आपलं बोलणंही तुटतं. पण एका कार्डावर एकाच वेळी दोन पत्ते ठेवता येतात, लिनक्सवरही आणि विंडोजवरही. म्हणून आधी नवा पत्ता जुन्याच्या शेजारी जोडायचा. नव्या पत्त्यावरून दुसरी जोडणी उघडून पाहायची. ती नीट लागली, की त्या नव्या जोडणीतून जुना पत्ता काढायचा.

अमळनेरच्या शाखेचा सर्व्हर मी असाच जळगावातून बदलला. रात्रीचे साडेनऊ. डाव्या खिडकीत १९२.१६८.१.१० ची जोडणी. स्विचमागच्या राउटरवर दोन्ही आळ्या तात्पुरत्या चालू ठेवलेल्या. नवा पत्ता देण्याआधी तो रिकामा आहे का हे पाहिलं. पिंगला, म्हणजे 'आहेस का' अशा हाकेला, उत्तर नाही आलं, पण तेवढ्यावर विसंबायचं नसतं, कारण कितीतरी विंडोज यंत्रांची फायरवॉल पिंगला उत्तरच देत नाही. पिंग केल्यावर शेजाऱ्यांची यादी म्हणजे एआरपी बघायची. तिथे त्या पत्त्यासमोर कार्डाचा हार्डवेअर क्रमांक उमटला, तर घरात कुणीतरी आहे, फक्त दार उघडत नाही. हे बघायला मात्र त्याच आळीत उभं असावं लागतं, म्हणून मी ते शाखेतल्या एका काउंटरवरून पाहिलं. समोर काहीच नव्हतं.

मग सर्व्हरवर दहा मिनिटांनी रीस्टार्टची वेळ लावून ठेवली, आणि 'आयपी' कमांडनं १९२.१६८.२०.१० जोडला. उजवीकडे नवी खिडकी उघडून त्या पत्त्यावर गेलो. दोन सेकंद काहीच नाही, आणि मग पासवर्ड विचारणारी ओळ आली. आत जाऊन गेटवे बदलला, पारोळ्याला पिंग केलं, उत्तर आलं. तेव्हा कुठे लावलेला रीस्टार्ट रद्द केला.

तो लावलेला रीस्टार्ट म्हणजे परतीची वाट. मी मधेच कुठे चुकलो असतो आणि जोडणी तुटली असती, तर दहा मिनिटांनी सर्व्हर स्वतःच बंद होऊन पक्क्या वहीतल्या जुन्या पत्त्यावर उभा राहिला असता. कच्च्या नोंदीनं मे महिन्यात ज्या तऱ्हेनं फसवलं, तीच तऱ्हा इथे कामाला आली. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी कच्ची, मग खात्री, मग पक्की. पक्की आधी लिहिली तर हा रीस्टार्ट काहीच वाचवत नाही.

उबुंटूवर यासाठी 'नेटप्लॅन ट्राय' आहे. बदल लागू करून ते १२० सेकंद थांबतं. एंटर दाबलं नाही तर जुनं परत आणतं. पण तुम्ही ज्या पत्त्यावरून बोलताय तोच बदलत असेल, तर एंटर सर्व्हरपर्यंत पोचणारच नाही आणि बरोबर असलेला बदलही मागे फिरेल. म्हणजे इथेही आधी शेजारी जोडणंच बरं. बाँड (अनेक कार्डं एकत्र बांधणं) किंवा ब्रिज (दोन नेटवर्क जोडणारा पूल) यांच्या खास सेटिंग असतील तर त्या त्याला नीट मागे नेता येत नाहीत, त्यामुळे तिथे त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

विंडोजवर नेहमीच्या पद्धतीनं बदल केला तर रीस्टार्टची युक्ती चालत नाही, कारण दोन्ही वह्या एकदम लिहिल्या जातात. पण 'नेटश'ला 'स्टोअर'पुढे 'अ‍ॅक्टिव्ह' असं सांगता येतं, आणि पॉवरशेलला 'पॉलिसी-स्टोअर'मध्ये 'अ‍ॅक्टिव्ह-स्टोअर'. मग नोंद कच्चीच होते. ते जमत नसेल तर टास्क शेड्युलरमध्ये पंधरा मिनिटांनी जुने आकडे परत भरणारं काम लावून ठेवायचं, आणि सगळं जमलं की ते काढायचं.

मोठ्या सर्व्हरमध्ये वेगळा मॅनेजमेंट पोर्ट असतो, डेलचा आयड्रॅक, एचपीचा आयएलओ. त्यातून पडदा आणि कीबोर्ड लांबून मिळतो, सर्व्हरचं स्वतःचं नेटवर्क मेलेलं असलं तरी. आपल्याकडे मी कितीतरी सर्व्हर असे पाहिलेत की तो पोर्ट आहे, पैसे मोजलेत, पण केबलच लावलेली नाही. एक केबल लावा. भर पावसात रात्री तासाभराचा रस्ता वाचतो.

पत्ता आणखी कुठे लिहिलाय

सर्व्हरनं पत्ता बदलला तरी जगाला ते माहीत नसतं. काउंटरच्या यंत्रांमधल्या होस्ट्स फाईल (कुठल्या नावाचा पत्ता कोणता, याची यादी), बँकिंग सॉफ्टवेअरची जोडणी, डेटाबेसमधली 'या पत्त्यांना आत येऊ दे' अशी यादी, फायरवॉलचे नियम, बॅकअपचं काम, पासबुक प्रिंटर. पारोळ्यात फेब्रुवारीत बॅकअप विसरला गेला होता. तो जुन्याच पत्त्यावर जात राहिला आणि रोज रात्री अपयशी ठरत राहिला. तीन महिने कुणी पाहिलं नव्हतं, आणि पाहायचं काम माझं होतं. ज्या दिवशी पत्ता बदलाल त्याच रात्रीचा बॅकअप दुसऱ्या दिवशी सकाळी उघडून बघा, हे मी आता प्रत्येकाला कळकळीनं सांगतो.

सर्व्हर नावानं शोधला जात असेल तर डीएनएसमधली नोंद बदलूनही यंत्रं काही वेळ जुन्याच पत्त्यावर जातात, कारण ते उत्तर त्यांनी ठरावीक मुदतीसाठी लक्षात ठेवलेलं असतं. त्या मुदतीला टीटीएल म्हणतात. ती एक दिवसाची असेल तर आदल्या दिवशीच पाच मिनिटांवर आणून ठेवायची.

त्या मे महिन्याच्या दुपारी क्लार्कदादांकडून फोनवर दोन ओळी टाइप करून घेतल्या, एक पत्त्याची, एक गेटवेची. काउंटर सुरू झाले, बाकावरच्या बायकांचा भरणा झाला. संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी पारोळ्याला गेलो, इंटरफेसेस फाईलमध्ये पक्की नोंद केली, जुन्या फाईलची प्रत तारीख घालून शेजारी ठेवली. मग काउंटर बंद असताना सर्व्हर मुद्दाम रीस्टार्ट केला आणि पडद्यासमोर बसून राहिलो. तीन मिनिटांनी आय-पी-ए टाइप केलं. १९२.१६८.१०.५०.

निघण्याआधी एका कागदावर पत्ता, मास्क, गेटवे, डीएनएस, कार्डाचं नाव, पक्की नोंद कोणत्या फाईलमध्ये आहे ते आणि त्या दिवसाची तारीख लिहिली, आणि तो कागद सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. क्लार्कदादांनी वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली, म्हणाले, "धूळ लई शे ना भाऊ इथं."